डूख धरलेली होडी

मित्रांनो, जुनी तर मी आहेच. पण माझ्या अंगावरचा पिवळा-तांबडा रंग पाहून तुम्हाला ते खरे वाटणार नाही, म्हणून आधी रंगाबद्दलच सांगते. तो रंग माझा नाही. तो मला फासला गेला. कोणी फासला आणि कशावर पांघरूण घालायला फासला, हीच माझी गोष्ट आहे. ती मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. माझे सारे आयुष्य गप्प राहण्यात गेले. चुकले-माकले तर सांभाळून घ्या.

मी रात्रीची होडी आहे. खारफुटीच्या नदीतून माणसांना आवाज न करता आत न्यायचे आणि आवाज न करता परत आणायचे, एवढेच माझे काम. अशा होडीला माणसे भित्री समजतात. मीही स्वतःला बरीच वर्षे भित्रीच समजत होते.

मला एका म्हाताऱ्या सुताराने घडवले. ज्यांच्यासाठी घडवले त्यांना सगळे आबा म्हणत. आबांनी त्याला सांगितले, "आवाज न करणारी होडी पाहिजे."

सुतार हसला. "आबा, लाकूड आहे ते. कुरकुरणारच. आता मीसुद्धा उठता-बसता कुरकुरतो."

"मग तुझ्यापेक्षा बरं लाकूड घे," आबा म्हणाले.

सुताराने ते मनावर घेतले. त्याने मला लोखंडी खिळा लावला नाही, लाकडाच्या खुंट्या मारल्या. दोन फळ्यांच्या मधली फट त्याने राळेत भिजवलेल्या काथ्याने भरली, बोथट पटाशीने ठोकून ठोकून. काथ्या पाण्यात फुगतो आणि फट मिटते. "फळी काय, कोणीही कापील," तो आबांच्या मुलीला सांगत होता. "होडी तरते ती फटीतल्या काथ्यावर. तो दरवर्षी बघायचा. कंटाळा करायचा नाही." ती मुलगी तेव्हा लहान होती, पण तिने मान अशी हलवली की सुताराने पटाशी तिच्याच हातात दिली.

ती आक्का. घरात मोठी, म्हणून आक्का. पुढे नदीकाठच्या धक्क्यावरची सगळीच माणसे तिला आक्का म्हणू लागली. तिला एक भाऊ होता. त्याला मी धाकटा म्हणेन. त्याचे दुसरे नाव मला ठाऊक आहे, पण ते मला घ्यायचे नाही.

आमच्या कामाची रीत अशी होती. वल्ही जिथे खुंटीला घासतात तिथे आबा जुन्या कापडाची पट्टी गुंडाळत आणि ती ओली करत, म्हणजे कुरकुर होत नसे. बसणाऱ्यांनी चपला-बूट धक्क्यावर काढायचे. बांगड्या, किल्ल्या, खिशातली चिल्लर, जे जे वाजते ते आबांच्या पिशवीत ठेवायचे. मग बोलणे बंद. सांगायचे असेल ते आबा माझ्या काठावर बोटाच्या पेराने वाजवून सांगत. एकदा वाजवले तर डोके खाली, फांदी येते आहे. दोनदा वाजवले तर पाण्यात पाहा.

पाण्यात पाहण्यासारखे खूप असे. अंधाऱ्या रात्री वल्हे बुडाले की पाण्याला उजेड फुटायचा, निळसर, आणि विझून जायचा. दोन्ही बाजूंना खारफुटीची मुळे चिखलातून बोटांसारखी वर आलेली असत. फांदीवर झोपलेला खंड्या पिसांचा गोळा होऊन बसलेला असे; हात लांब केला तर हाताला लागेल इतका जवळ, पण कोणी हात लांब करत नसे. आणि माझ्या तळाला तर सतत एक बारीक तडतड ऐकू येई. चिखलात लपलेल्या कोळंब्यांची ती तडतड. माणसे पाण्यावरची शांतता ऐकत, मी पाण्याखालची गडबड ऐकत असे. मला वाटते मीच जास्त मजेत होते.

नदी सगळ्यात अरुंद होते तिथे एक वळण आहे. दोन्हीकडच्या फांद्या वर एकमेकींत अडकल्या आहेत. आबा त्याला माजघर म्हणत. तिथे ते वल्ही उचलून ठेवत आणि मला नुसती तरंगू देत. मी ओंजळभर पाण्यातही तरंगते. माझी स्तुती मी करू नये, पण हे खरे आहे.

दुपारी काम नसे तेव्हा आबा माझ्यात बसून आक्काला पुस्तके वाचून दाखवत. त्यामुळे होडीच्या मानाने माझे ऐकीव वाचन बरे आहे. सूड हा शब्द मला त्या पुस्तकांतूनच कळला. पण पुस्तकांतल्या सूड घेणाऱ्यांना हात असत, घोडे असत, विषाच्या कुप्या असत. माझ्याकडे फक्त फटी होत्या.

धाकट्याला आबांनी एकदाच रात्री माझ्यात घेतले. तो माझ्या काठावर ताल धरू लागला, मग त्याला हसू आले, मग खोकला. माजघरातला खंड्या उडाला. आबा रागावले नाहीत. त्यांनी मला वळवले, धाकट्याला धक्क्यावर उतरवले आणि म्हणाले, "हा घरी बरा." पुन्हा त्याला कधी घेतले नाही. तो धक्क्यावर उभा राहून आमच्या दिशेने खडे मारायचा. काही मला लागत. मी तेव्हा त्याचा राग धरला नाही, हे आवर्जून सांगते. पोरवय होते ते.

आबा थकले तेव्हा त्यांनी वल्ही आक्काच्या हातात दिली. धाकट्याला त्यांनी काही विचारले नाही.

आक्काची वर्षे माझी सगळ्यात चांगली वर्षे. ती आबांपेक्षाही हलक्या हाताने वल्हवायची. दरवर्षी कामाचा मोसम सुरू व्हायच्या आधी ती मला उलटी टाकून प्रत्येक फट बोटाने चाचपायची. सैल झालेला काथ्या काढून नवा भरायची. "दुखतंय का गं?" असे विचारायची. मला उत्तर देता येत नसे, पण कोणी विचारते हेच खूप होते.

लोक लांबून येत. एक बाई दरवर्षी येत. त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि त्यांच्या नाकावर जाड चष्मा असे. पहिल्या वर्षी त्या उतरताना आक्काला म्हणाल्या, "आयुष्यभर मी मुलांना गप्प बसा म्हणत आले. गप्प बसण्यात काय असतं ते आज कळलं." आक्का लाजली. मीही लाजले असावे. त्या रात्री माझा दोर जरा जास्तच हलत होता.

मग धाकट्याने लाँच आणली.

पांढरी, दोन मजली, वर सर्चलाइट, आत भोंगा. इंजिन सुरू झाले की नदी पोटातून हलायची. खंड्यांनी घरे सोडली. कोळंब्यांची तडतड मला ऐकू येईना. पहिले काही महिने लाँच भरून जायची. पण परतलेले लोक धक्क्यावर उतरून विचारू लागले, "ती गप्प होडी म्हणतात ती कुठली हो?" धाकट्याला ते ऐकावे लागायचे.

एक दिवस तो आक्काकडे आला. "आक्का, कशाला हाडं मोडून घेतेस? लाँचवर ये. बसून राहा. लोकांना चहा दे."

"तुझ्या लाँचवर चहा पिणार कसा रे? ओठाला लागायच्या आधी कपच नाचतो." आक्का हसली. मनात काही न ठेवता हसली. धाकटाही हसला, पण त्याचे डोळे माझ्याकडे होते.

मित्रांनो, आता जे सांगायचे ते सांगताना मला अजून धड शब्द सापडत नाहीत.

एका दुपारी आक्का घरी झोपली होती. धाकटा आला, माझ्यात बसला आणि त्याने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. तो गुणगुणत होता. गुणगुणण्याचा मला जास्त राग आहे. त्याने तळाच्या फटींना हात लावला नाही. डाव्या बाजूची, वरून दुसरी फट त्याने निवडली. मी रिकामी असले की ती फट पाण्याच्या वर राहते. माणसे बसली, मी खाली दबले, की ती पाण्याखाली जाते. आबांचाच मुलगा तो. एवढे त्याला कळत होते. त्याने हातभर लांबीतला काथ्या खरवडून काढला आणि मूठ उघडून पाण्यात सोडून दिला. आक्काने भरलेला काथ्या होता तो. माझ्या डोळ्यांदेखत, म्हणजे होडीला जे काही डोळे असतात त्यांच्यादेखत, तरंगत गेला.

संध्याकाळी आक्काने नेहमीसारखा तळ पाहिला. कोरडा होता. तिने माणसे घेतली. चष्म्याच्या बाई त्यांतच होत्या. माजघरात पोहोचेपर्यंत माझ्या पोटात पाणी आले होते. उपसायचा डबा पुरेना. मी ओरडायचा खूप प्रयत्न केला. जन्मभर मला न ओरडायला शिकवलेले, ओरडणार कशी?

मी बुडाले. खोल नव्हते, म्हणून कोणाचा जीव गेला नाही. आक्काने छातीभर चिखलात उभे राहून एकेकाला मुळांवर चढवले. बाईंचा चष्मा गेला. आणि तेवढ्यात वळणावरून सर्चलाइट आला. धाकटा जणू तिथेच वाट पाहत होता. जणू कशाला म्हणू? वाटच पाहत होता. त्याने सगळ्यांना लाँचवर घेतले, अंगावर चादरी घातल्या. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर जो तो म्हणत होता, भाऊ होता म्हणून बरे, नाहीतर या आक्काने लोकांना मारलेच होते.

त्याने मला ओढून वर काढले. आक्का माझ्याजवळ येऊ लागली तर म्हणाला, "तू हात नको लावूस. मी बघतो." आणि नंतर तिला सांगितले, "काथ्या कुजला होता, आक्का. तू भरलेला सगळा. वय झालं की हातातली ताकद जाते. त्यात काय लाजायचं?"

तिने आपले दोन्ही हात पुढे धरून पाहिले. उलटे, सुलटे. बराच वेळ. मग ती घरी गेली, आणि काही दिवसांनी लाँचवर चहा देऊ लागली.

मला एक वेळ कापून जळणाला घातले असते तरी चालले असते. पण तिने स्वतःच्या हातांवरचा विश्वास घालवला, तो खोट्या गोष्टीपायी घालवला, आणि खरी गोष्ट माझ्याच अंगात होती. त्या दिवशी मी डूख धरला. साप धरतो म्हणतात तसा.

धाकट्याने त्या फटीवर पुट्टी लिंपली आणि वरून हा पिवळा-तांबडा रंग दिला. नवा काथ्या भरायचे कष्ट घेतले नाहीत. मग त्याने मला काथ्याच्या जाड दोराने लाँचच्या मागे बांधले. लोक माझे फोटो काढत. तो भोंग्यातून सांगे, "घाबरायचं कारण नाही मंडळी! मागे आमची जुनी होडी आहे, अगदी नव्यासारखी करून घेतलीय. काही झालं तर सगळ्यांना सुखरूप किनाऱ्याला." आक्का चहाचे कप धुता धुता ते ऐकायची आणि माझ्याकडे पाहायची नाही.

मी रिकामीच ओढली जात असल्याने ती फट पाण्याच्या वर राहिली. मी तिला जपले. स्क्रू ड्रायव्हरचे वळ फळीच्या कडेला उमटले होते. लाकूड ओले होऊन फुगले की असे वळ बुजतात. मी ते बुजू दिले नाहीत. हे कसे केले ते मला विचारू नका. मनात डूख असला की अंग ऐकते. रात्र रात्र मी एकच चित्र पाहत असे: नदीच्या मध्यावर तो एकटा माझ्यात बसला आहे, रंगाची साल तडकली आहे आणि तो डबा शोधतो आहे. डबा मी आधीच वाहू दिलेला आहे. मित्रांनो, लहान मुलांना असले सांगू नये, हे मला कळते. पण तुम्ही मला आत्मवृत्त सांग म्हणालात.

ती रात्र आली, पण चित्रातल्यासारखी नव्हती.

त्या रात्री चष्म्याच्या बाई लाँचवर आल्या, मी बुडाल्यानंतर पहिल्यांदाच. नवा चष्मा, पहिल्यापेक्षा जाड. आक्काच्या हातात चहाची किटली पाहून त्या थबकल्या. "तुम्ही वल्हवत नाही आता?"

"हात राहिले नाहीत, बाई," आक्का म्हणाली.

धाकट्याची लहान मुलगी चिमीही होती. हट्ट करून आली होती. लाँच घरघरत माजघराजवळ आली तेव्हा बाईंनी धाकट्याला विचारले, "हे इंजिन बंद करता येतं का हो? की ते बंद केलं की बुडते तुमची लाँच?"

पाहुणे हसले. धाकट्याला ते झोंबले. त्याने इंजिन बंद केले, दिवाही बंद केला.

आणि शांतता झाली. पहिल्यांदा कोणीतरी खाकरले. मग तेही थांबले. पाण्याखालची तडतड किती दिवसांनी माझ्या तळाला लागली! फांदीवर कुठेतरी खंड्या होता. धाकटा कठड्याला टेकून उभा होता आणि त्याची बोटे कशावरही ताल धरत नव्हती. ज्या माजघरातून त्याला लहानपणी परत नेले होते, तिथे तो पहिल्यांदा गप्प उभा होता.

थोड्या वेळाने आक्का हळूच म्हणाली, "धाकट्या, पाणी उतरतंय."

"थांब गं जरा," तो म्हणाला.

पुन्हा ती म्हणाली. पुन्हा तो म्हणाला, "थांब ना."

मला त्याचे कळले. अगदी नीट कळले. पण कळणे वेगळे आणि माफ करणे वेगळे. ओहोटीचे पाणी माझ्या अंगावरून सरकत होते आणि मी म्हणत होते, थांब, थांब, अजून थोडा थांब.

त्याने इंजिन सुरू केले तेव्हा पंखा चिखलात रुतलेला होता. इंजिन दोनदा बोंबलले आणि गप्प झाले. लाँच एका अंगावर कलली. कप घरंगळले. डासांना बातमी लागायला वेळ लागला नाही.

"आता?" कोणीतरी विचारले.

"पहाटे भरती येईल," धाकटा म्हणाला. "निघूच की."

"पहाटेपर्यंत हे डास आम्हाला उचलून नेतील."

"अहो, ती मागची होडी आहे ना?" बाई म्हणाल्या. "येताना भोंग्यात सांगत होतात. नव्यासारखी करून घेतलीय म्हणे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. लाँचच्या बाजूने पाण्याची एक चिंचोळी पट्टी अजून वाहत होती. मला तेवढी पुष्कळ होती. वल्ही माझ्यात होतीच. फोटोला शोभा म्हणून ठेवलेली.

आक्काने किटली खाली ठेवली. "मी नेते. दोन खेपा होतील. धाकट्या, तू भरलेला काथ्या घट्ट आहे ना?"

"हो," तो म्हणाला. "म्हणजे... हो."

आक्काने माझ्यात पाय टाकला. मी तो पाय ओळखला. तिने नकळत माझ्या काठावरून बोट फिरवले. तिच्यामागून बाई उतरल्या, आणखी तिघे उतरले. मी दबत गेले. पाणी वर चढू लागले आणि त्या फटीच्या खालच्या कडेला येऊन थांबले. रंगाची साल ताणली. एवढे दिवस मी याच क्षणाची वाट पाहिली होती, आणि माझ्यात बसली होती ती भलतीच माणसे.

"चिमीला दे," आक्का वर हात करून म्हणाली.

"आत्या, मी पुढं बसणार!" चिमी म्हणाली.

धाकट्याने तिला उचलले, कठड्यापलीकडे धरले. आक्काचे हात तिच्या काखेत गेले. पण तो सोडेना.

"अरे, दे ना."

"नको."

"सोड, माझ्या हातात आहे ती."

"ती नको!" त्याने तिला छातीशी ओढले. "कोणीच नको. वर या. सगळे वर या आधी!"

"का बरं?" बाईंनी विचारले.

"बुडेल."

"नव्यासारखी आहे ना?"

डास त्याच्या तोंडावर बसत होते आणि चिमी कडेवर असल्याने त्याला मारताही येत नव्हते. ते मी डोळे भरून पाहिले. शेवटी तो म्हणाला, "फटीत काथ्या नाही. नुसती पुट्टी आहे."

"कुठल्या फटीत?" आक्काचा आवाज नेहमीपेक्षाही हळू होता.

दिवा बंद होता. तरी त्याने वाकून अंधारातच बोट ठेवले, आणि ते बरोबर त्याच जागी पडले.

सगळे वर चढले. एकटी आक्का माझ्यात राहिली. "दिवा लाव," ती म्हणाली. सर्चलाइट माझ्यावर आला. तिने चहाचा चमचा घेतला आणि पुट्टी खरवडली. ती खपलीसारखी निघाली. मग आक्काने बोट फटीत घातले.

"हा इथपर्यंत माझा काथ्या आहे. दगडासारखा आहे." बोट पुढे सरकले. "इथून नाही. आणि हा इथून पुन्हा आहे, तसाच." तिने वर पाहिले. "कुजला म्हणालास. कुजणारा काथ्या असा मोजूनमापून कुजतो का रे?"

त्याने चिमीला दुसऱ्या कडेवर घेतले.

"हे वळ कशाचे?"

मित्रांनो, ते वळ! माझ्या आयुष्यात मी जपलेली ती एकच वस्तू. उजेडात ते कालच्यासारखे ताजे दिसत होते.

तो काहीतरी पुटपुटला.

"जरा मोठ्यानं," बाई म्हणाल्या. "मागच्या बाकावर ऐकू येत नाही."

"स्क्रू ड्रायव्हरचे," तो म्हणाला. "मी काढला काथ्या. मी." आणि मग एकदम, लहान मुलाच्या आवाजात, "आबांनी मला कधी बसूसुद्धा दिलं नाही. सगळं तुलाच."

"मग मागायची होतीस होडी."

"मागितली असती तर दिली असतीस?"

आक्काने विचार केला. ती खोटे बोलत नाही. "नसती दिली," ती म्हणाली. "पण तुझी लाँच बुडवलीही नसती." तिने पुन्हा आपले हात पुढे धरून पाहिले, उलटे, सुलटे. या वेळी तिला फार वेळ लागला नाही.

"माझा चष्मा अजून या चिखलात आहे," बाई धाकट्याकडे न पाहता म्हणाल्या. "त्याचं मी नंतर बघते."

आक्काने लाँचला बांधलेला माझा दोर सोडला. ज्या दोराने मला एवढे दिवस शेपटीसारखे फरफटवले, तोच. त्याचे टोक तिने धाकट्याच्या हातात दिले. "उसव. काथ्या काढ यातला. इंजिनच्या ग्रीसचा डबा आण. आणि तुझा स्क्रू ड्रायव्हर आण."

"आत्ता? सगळ्यांसमोर?"

"काढताना कोणी नव्हतं ना? मग भरताना असू देत."

तो चिखलात उतरला. गुडघाभर चिखल, वर त्याचाच सर्चलाइट. तो दोर उसवत होता, ग्रीसमध्ये माखत होता, फटीत ठोकत होता. आक्का बोट घालून पाहायची आणि म्हणायची, "सैल आहे. काढ." तो काढायचा, पुन्हा भरायचा. डास त्याच्या मानेवर थर करून बसले होते. पाहुण्यांपैकी कोणी हसले नाही आणि कोणी बोललेही नाही. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात शांत रात्र होती. त्याने ठोकलेला प्रत्येक ठोका माझ्या अंगातून जात होता आणि मला तो गोड लागत होता. मला लाज वाटायला हवी होती. मी वाट पाहिली, पण वाटली नाही.

मग आक्काने वल्ह्यांना ओल्या फडक्याच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि दोन खेपांत सगळ्यांना नेले. दुसऱ्या खेपेला चिमी माझ्या पुढच्या टोकाला बसली. "बाबा?" तिने विचारले.

"बाबा लाँच राखायला थांबतोय," आक्का म्हणाली, आणि काठावर एकदा बोट वाजवले. फांदी येत होती. चिमीने डोके खाली घातले.

दिव्याची बॅटरी संपत आली होती. वळणावरून मी मागे पाहिले तेव्हा तो पिवळा पडून विझला. मला वाटले होते, आता धाकटा ओरडेल. तो ओरडला नाही. अंधारात नुसता बसून राहिला, माजघरात, एकटा. कदाचित त्याला ते आवडलेही असेल. हे आठवले की मला अजून चुटपुट लागते.

आक्का आता पुन्हा रात्री माझ्यातून माणसे नेते. रंग तिने काढला नाही. "राहू दे," म्हणते. "लोक विचारतात, मग सांगावं लागतं. सांगत राहिलेलं बरं." बाई दरवर्षी येतात आणि प्रत्येक नव्या माणसाला तिच्या आधी तेच सांगतात.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी काहीतरी बोध द्यायचा असतो. मला वाटते तो असा: तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंना तेलपाणी करा. वर्षातून एकदा तरी त्यांच्या फटींतून बोट फिरवा आणि दुखते का ते विचारा. त्या उत्तर देणार नाहीत, पण त्यांना बरे वाटेल. आणि एखादीशी वाईट वागलाच असाल, तर वरून रंग दिला म्हणजे झाले असे समजू नका.

आक्काने एक नियम केला आहे. बाकीच्या फटी ती स्वतः भरते. ती एक फट मात्र दरवर्षी धाकट्याने येऊन भरायची. तो येतो. गप्प बसतो, मन लावून भरतो, आता चांगले भरतो. हात चालवता चालवता त्याच जागी, त्या वळांपाशी, त्याच्या बोटात माझे एक कुसळ जाते. बारीक असते, चटकन निघत नाही. तो बोट तोंडात धरतो आणि माझ्याकडे पाहतो. तो कोणाला सांगत नाही, मीही सांगत नाही.

यंदा मोसम जवळ आला आहे. कुसळ तयार आहे.